रेक्टरांचा परका मुक्काम

आमचे रेक्टर उघड्या दारावरही टकटक करायचे. दार नसलं तर खांबावर. बोदवडजवळच्या एका शाळेत आम्हाला पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग दिला होता. तिला भिंती तीनच, चौथ्या बाजूनं शेळ्या सरळ आत यायच्या. पण रेक्टर बाहेर उन्हात उभे राहून लोखंडी खांबावर बोटांनी वाजवायचे आणि आतून कोणी "या" म्हणेपर्यंत हलायचे नाहीत. पोरं आधी खो खो हसली. मग "या" म्हणायचं कोणी, हेच कोणाला कळेना. मीच फळ्यावरचं समीकरण अर्धवट टाकून ओरडायची, "अहो, या ना सर! काय लावलंय!" मग ते आत यायचे आणि मुलांकडे बघून म्हणायचे, "मॅडमना येतं. तुम्हाला येत नाही. उद्या तुमच्या खोलीवर कोणी टकटक केली तर काय करणार? पलंगाखाली शिरणार?"

ते आता कुठलेच रेक्टर नव्हते, हे आधी सांगून टाकते. पूर्वी होते, पुण्याच्या एका मोठ्या हॉस्टेलचे. निवृत्त होऊन बोदवडला घरी आले, तेव्हाच आमच्या जळगावच्या कॉलेजनं एक उपक्रम काढला होता. खेड्यांतल्या अकरावी-बारावीच्या मुलांना विद्यापीठात जाण्यासाठी तयार करायचं, असा तो उपक्रम. नाव इतकं लांब की फलकावर दोन ओळी लागायच्या. लोक नुसतं ‘रविवारचं कॉलेज’ म्हणायचे. प्रवेश परीक्षेचं गणित, विज्ञान, इंग्रजी आम्ही शिकवायचं आणि ‘विद्यापीठातलं जीवन’ यावर मार्गदर्शन रेक्टरांनी करायचं, असं प्राचार्यांनी ठरवलं. त्यांना वाटलं, म्हातारा अधूनमधून भाषण देईल, शाल-नारळ घेईल आणि घरी जाईल. पुढे बिचाऱ्यांनी हात टेकले.

मी रसायनशास्त्राची. माहेर नशिराबादचं, जळगावात दिलेली, तोंडानं जरा फटकळ. पहिल्या दिवसापासून माझं आणि रेक्टरांचं पटलं नाही. मी मुलांना विचारायची, दहावीला विज्ञानात किती पडले? रेक्टर विचारायचे, "रात्री तहान लागली तर घरात कोणाला उठवतोस?" निम्मी मुलं निरागसपणे सांगायची, "आईला." रेक्टर मान हलवायचे. "हा अजून तयार नाही."

"सर, त्याला रसायनातला मोल म्हणजे काय ते सांगता येत नाही," मी म्हणायची, "आणि तुम्ही पाणी कोण देतं ते विचारता?"

"मोल तिथं शिकवतात, मॅडम. पाणी कोणी देत नाही."

त्यांचं म्हणणं असं की नापास होऊन परत आलेलं पोर त्यांनी कधी पाहिलंच नाही. पोरं परत येतात ती पहिल्याच महिन्यात, पेपर व्हायच्या आत. आणि त्यात आपल्या खान्देशातली जास्त. "ट्रंक घेऊन माझ्या केबिनमध्ये यायची," ते सांगायचे, "आणि आजी वारली म्हणायची. एकेकाच्या तीन-तीन आज्या वारल्या हो माझ्यासमोर. मी म्हणायचो, जा बाबा, तेरावं झालं की परत ये. एक नाही आला." हे सांगताना ते हसत नसत. सगळी नोकरी त्यांनी अशी पोरं फाटकातून बाहेर जाताना बघण्यात घालवली होती, आणि त्याचा त्यांना राग होता. कोणावर, ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही.

वर्गही त्यांनी हट्टानं रविवारी संध्याकाळीच ठेवला. का, तर हॉस्टेलवर सगळ्यात वाईट वेळ तीच. सकाळी कपडे धुण्यात जाते, दुपारी झोपेत, पण पाचनंतर घर खायला उठतं. म्हणून दिवे लागायच्या सुमारास ते मुलांचे मोबाईल गोळा करायचे आणि म्हणायचे, "बसा." करायचं काही नाही, बोलायचं नाही, नुसतं बसायचं. मुलांनी त्याचं नाव ‘सुतक’ पाडलं होतं. एकदा एक पालक डोकावून गेले आणि दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना विचारायला आले, "कोण गेलं हो?" माझा रविवार या माणसापायी जायचा, म्हणून माझी चिडचिड वेगळीच. घरी आमचे हे म्हणायचे, तू सुतकाला जाऊन आलीस की आंघोळ करून आत ये.

जेवणाच्या बाबतीत तर विचारूच नका. सहलीला, शिबिराला सगळ्यात आधी पंगतीत बसायचे आणि मुलांच्या ताटांवर नजर ठेवायचे. कोणी मिठाशिवाय निमूट भाजी खाल्ली की झालं. "मीठ नाही हे कळलं का? मग बोललास का नाही?" स्वतः कोणाच्याही घरी, कितीही मानानं वाढलेलं असो, सरळ सांगायचे, "वरण करपलंय." बाई खजील व्हायची, मी ताटात तोंड खुपसायची. पण एका बाईनं मला पुढे सांगितलं की रेक्टर येऊन गेल्यापासून घरातली माणसं खरं बोलायला लागली, आणि ते काही तिला फारसं आवडलं नव्हतं.

तर या माणसानं परका मुक्काम काढला. बारावीचा निकाल लागला की प्रत्येक मुलानं पंधरवडाभर अनोळखी घरी राहायचं. पूर्वेकडच्या, म्हणजे मुक्ताईनगर-बोदवडच्या मुलानं धुळ्याकडे जायचं आणि तिकडच्यानं इकडे यायचं. बोली वेगळी, तिखट वेगळं, ओळखीचं कोणी नाही. तिथं लागेल ते मागायचं, नको ते नको म्हणायचं, भांडण झालं तर मिटवायचं. आणि इकडे आईबापांनी पोराशिवाय राहून बघायचं. कोण कुठे जाणार हे ते आधी सांगत नसत. नाव सांगायचे, आडनाव कधीच नाही. एका गृहस्थांनी खोदून विचारलं, "पण सर, पोरगं कोणाचं?" रेक्टर म्हणाले, "त्याच्या आईबापाचं." ते गृहस्थ जरा घुटमळले. रेक्टर म्हणाले, "हॉस्टेलला खोलीत कोण येणार ते तुम्हाला विचारून देत नाहीत. इथंही नाही." दोन घरं त्यावरून गळाली. रेक्टरांनी ती पुन्हा कधी धरली नाहीत.

पहिल्या वर्षी या मुक्कामाचा पार बोऱ्या वाजला. काय झालं सांगू? आपली माणसं! परकं पोर घरात आलं म्हटल्यावर यजमानांच्या अंगात आलं. कोणी खापरावरचे मांडे केले, कोणी रोज शेवभाजी, कोणी शेतात भरताचा बेत करून सगळ्या भाऊबंदांना बोलावलं. पोराला पाण्याचा तांब्या उचलू दिला नाही. निघताना मुलांना टॉवेल-टोपी, मुलींना ओटी. एक पोरगं तर नवा कोरा शर्ट-पँटचा कपडा काखेत मारून बसमधून उतरलं आणि त्याचे गाल असे वर आले होते की रेक्टरांनी त्याला ओळखलंच नाही.

"विद्यार्थी पाठवला होता," ते कडाडले, "जावई नव्हता पाठवला!"

मला हसू आवरेना. ते आणखी चिडले. मग त्यांनी नियम केला: दोन दिवस पाहुणा, तिसऱ्या दिवसापासून घरचा. घरचे खातील तेच खायचं, आणि झाडणं, भांडी, पाणी यातलं वाट्याला येईल ते करायचं. हा नियम ते प्रत्येक घरी उभ्यानंच ऐकवायचे. चहाही घेत नसत, कारण चहा घेतला की माणूस मऊ पडतो, म्हणायचे.

जागृती आली ती याच्या पुढच्या वर्षी. मुक्ताईनगरच्या अलीकडच्या एका गावातली, केळीवाल्या घरची, एकुलती एक. गणितात अशी की रसायनातली गणितं शिकवायलाही मी आदल्या दिवशी तयारी करून जायची. पुण्याला संख्याशास्त्र शिकायचं तिच्या मनात होतं, आणि प्रवेश मिळणार याबद्दल आम्हाला शंका नव्हती. शंका घरची होती. तिच्या आईला संधिवात. बोटं वाकडी होऊन बसलेली, कणीक मळता येत नाही, वेणी घालता येत नाही, कपबशीसुद्धा दोन्ही तळव्यांत धरावी लागते. घर सगळं जागृतीवर. सकाळी उठून स्वयंपाक, आईचं सगळं, मग बस, मग कॉलेज.

तिच्या वडिलांना गावात सगळे आबा म्हणत. आम्ही विचारायला गेलो तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही की काही नाही. म्हणाले, "पोरगी हुशार हाय, मले माहीत नही का? जाऊ नको कोन म्हणते? पण तुम्हीच सांगा सर, घर कोन पाहीन? हिची माय कोन पाहीन?"

 रेक्टर उभेच होते. म्हणाले, "पुण्याचं राहू द्या. पंधरवडा तर पाठवा. तिच्या बदल्यात एक मुलगी येईल तुमच्याकडे."

बदली मिळणार म्हटल्यावर आबा तयार झाले. त्यांनी हिशेब केला की एक पोरगी गेली, एक आली, भाकरी काय थांबत नाही. रेक्टरांना तो हिशेब दिसत होता. त्यांनी तो तसाच राहू दिला. नियमानं ती मुलगी तिसऱ्या दिवसापासून कामाला हात लावणारच होती. पण रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, "सर, आणि पंधरवडा संपल्यावर?" तर म्हणाले, "मॅडम, एका वेळी एकच दार वाजवायचं असतं."

धुळ्याहून सुजाता आली आणि जागृती तिच्या घरी गेली. सुजाताचे वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक, आई अंगणवाडीत. तिथं कामं सगळ्यांत वाटलेली. वडील कुकर लावायचे, भाऊ भांडी घासायचा. जागृतीच्या वाट्याला झाडणं आणि पाणी भरणं आलं, आणि ते आटोपलं की दिवस रिकामा. मला तिनं फोन केला तो घाबरून. "मॅडम, साडेआठला सगळं आवरतं हो इथं. मग मी काय करू?" मी म्हटलं, वाच. ती वाचत बसली. मुक्काम चालू असतानाच तिचं पुण्याच्या प्रवेशयादीत नाव आलं. जागा पक्की करायला थोडेच दिवस होते.

म्हणून तिला घेऊन घरी सोडायला आम्ही दोघंही गेलो. रेक्टर, मी आणि जागृती. त्या दिवशी आबांनी हो म्हटलं तर पुणं, नाही तर जागा दुसऱ्याला. मधलं काही नव्हतं. बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. रेक्टर खिडकीतून केळीच्या बागा बघत होते आणि मी मनातल्या मनात आबांशी भांडत होते.

दार उघडं होतं. रेक्टरांनी टकटक केली. आतून कोणाचं "या" नाही, कारण आत बाईचा खणखणीत आवाज चालू होता. "पाणी लावा! वरून पाणी! अहो ते थापणं शे का गाल शेकणं?" असं काहीसं. मी बघतच राहिले. आबा, केवढा दांडगा माणूस, कोपरापर्यंत पिठात माखून गॅससमोर उभे. जागृतीची आई खुर्चीत बसून वाकड्या बोटांनी हवेतच भाकरी थापून दाखवत होती. आणि सुजाता? ती पाय पोटाशी घेऊन झोपाळ्यावर पुस्तक वाचत होती. फोनवर आईशीही बोलत होती मधून मधून. "माय, आठे बठ्ठं चांगलं शे. पन माले काहीच करू देतस नही!" म्हणजे इथं सगळं चांगलं आहे. सुजाताच्या अहिराणीतला हा ‘शे’ तोवर जागृतीच्या आईच्याही तोंडात बसला होता.

रेक्टरांचा चेहरा लाल झाला. "आबा, हे काय? तिसऱ्या दिवशी काय ठरलं होतं?"

आबांनी हात मागे लपवले. पिठाचे. "ठरलं व्हतं सर, मीबी तसंच धरलं व्हतं. पण पाहुणीच्या हाती झाडू देऊ? लोकं शेण घालतीन तोंडात."

"नियम सांगितला होता!"

"नियम तुमचा. घर माहं."

"अहो, पोर शिकणार कशी मग? आणि मग हे सगळं—" रेक्टर बोलता बोलता थांबले. त्यांनी घराकडे बघितलं. अंगण झाडलेलं होतं. भांडी पालथी घातलेली होती, वाकडीतिकडी, पण घासलेली. "मग हे सगळं कोणी केलं?"

जागृतीची आई हसायला लागली. "यायनंच. पहिल्या दिवशी परात पाडली, दुसऱ्या दिवशी हात भाजला. पोरगी म्हणे, बाबा मी करते, तर हे म्हणे बस तू. मग मले इचारत इचारत केलं. माहे केससुद्धा इंचरले." ती क्षणभर थांबली. "ओढले खूप. पण इंचरले."

आबा खाली बघत होते. तसेच म्हणाले, "काम व्हते सर. मले वाटलं व्हतं नही व्हनार. व्हते." मग मान वर करून मुलीकडे पाहिलं. "जाय तू पुन्याले. सरांले इचार काय भरायचं ते."

रेक्टर माझ्याकडे वळले. तो चेहरा मी ओळखत होते, ‘बघा मॅडम’वाला. मुक्काम काढल्यापासून त्यांनी या एका वाक्यासाठी दारं वाजवली होती आणि ते वाक्य त्यांना स्वतः न मागता मिळालं होतं. ते बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात जागृती म्हणाली, "मी नाही जाणार."

कोणाला कळेचना. ती पुढे झाली आणि तिनं आबांचा हात उलटा करून पाहिला. मनगटाच्या वर भाजल्याचा डाग होता, लालसर, लांब. "मी जळगावलाच घेते अ‍ॅडमिशन. रोज ये-जा करीन. सरका तुम्ही, मी करते भाकरी." आणि तिनं परात ओढली.

घाबरलेलं पोर, रडणारं पोर, खोटं बोलणारं पोर, तीन आज्या मेलेलं पोर, सगळ्यांची औषधं रेक्टरांपाशी होती. या पोरीला घराची भीती नव्हती आणि पुण्याचीही नव्हती. तिला बापाची दया आली होती.  मी काहीतरी बोलायचं म्हणून प्रवेशाच्या मुदतीचं बोलले. कोणी ऐकलं नाही, आणि बरंच झालं. परात दोघांच्या हातांत होती. ती सोडेना, तेही सोडेनात.

"परात सोड," आबा म्हणाले.

"नाही."

"जागृती, सोड म्हनतो ना."

"तुमचा हात भाजलाय!"

"भाजला त भाजला!" आता मात्र त्यांचा आवाज चढला, आणि चढता चढता फाटला. "तू इथंच राह्यली, त मंग मी भाकर कायले शिकलो?"

मला रडू आलं. सांगायला कसली लाज? सुजाता झोपाळ्यावरून उतरून उभी राहिली होती. जागृतीनं परात सोडली आणि आईच्या गुडघ्याशी जाऊन बसली. आईनं वाकड्या बोटांचा तळवा तिच्या डोक्यावर ठेवला. आबांनी नाक बाहीला पुसलं आणि पुन्हा गॅसकडे वळले.

त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मुक्कामाच्या घरी रेक्टर त्या दिवशी पहिल्यांदाच, कोणी न सांगता, खाली बसले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. भाकरी एका बाजूला काळी, दुसऱ्या बाजूला पांढरी. जागृतीनं मुकाट्यानं खाल्ली, मीही खाल्ली. रेक्टरांनी पहिला घास घेतला, चावला, गिळला. मी डोळ्यांनी खुणावलं, आज तरी नका हो.

"आबा," ते म्हणाले, "मधे कच्ची आहे."

"माहीत हाय," आबा म्हणाले आणि त्यांनी दुसरी भाकरी तव्यावर टाकली. "ही जाईपर्यंत जमून जाईन."